कव्हरच्या आतलं पान

दसरा आणि दिवाळीच्या मधल्या आठवड्यात शाळेत व्यवस्थापन समितीची बैठक होती. बीड जिल्ह्यात, धारूरच्या डोंगरपट्ट्यातलं आमचं गाव. त्या दिवसांत इथे कुणाचं बैठकीत मन लागत नाही, कारण ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाचा ट्रॅक्टर कधी येऊन पारापाशी उभा राहील याचा नेम नसतो. समितीवर मी शिक्षणप्रेमी सदस्य म्हणून आहे. जी घरं उसाला जाणार होती त्यांच्यातल्या पालकांना मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं होतं आणि एकेकाकडून हमीपत्र लिहून घेणं चाललं होतं. मी माझ्या पाल्यास नियमित शाळेत पाठवीन, हंगामाच्या काळात सोबत नेणार नाही, असा मजकूर. पाचवीतल्या एका मुलीची आई आली. कडेवर दीड वर्षाचं पोरगं, हातात नुकताच धार लावून आणलेला कोयता गोणपाटात गुंडाळलेला. सरांनी मुलीच्या दप्तरातलं पुस्तक मागून घेतलं, कव्हर उघडून आतलं पान आईसमोर धरलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं, ‘६ ते १४ वयोगटातील आपल्या पाल्यांना पालकांनी शिक्षणाच्या संधी उपलब्ध करून द्याव्यात.’ ती उभ्यानेच ऐकत होती. ‘बरुबर हाय सर,’ एवढंच म्हणाली. मग पोराला माझ्या मांडीवर दिलं आणि टेबलाच्या कडेला टेकून सही केली. तिला सहीपुरतं नाव येतं. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर वेगळी रेघ ओढत, श्वास रोखून तिने ते लिहिलं. तिची स्वतःची शाळा तिसरीत सुटलेली, तीही आईबापामागे उसाच्या फडात जाऊनच.

दोन दिवसांनी पहाटे ट्रॅक्टर निघाला. ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, ज्वारीची पोती, राहायच्या कोपीसाठी बांबू आणि चटया, डालग्यात झाकलेल्या कोंबड्या, एक शेळी, आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. पाचवीतली ती मुलगी एका पोत्यावर बसली होती, धाकटा भाऊ तिच्या मांडीवर झोपलेला. तिच्या अंगात शाळेचाच गणवेश होता, कारण थंडीच्या वाऱ्यात घालायला तोच जाड कपडा. सर फाटकापाशी उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिनेही त्यांच्याकडे पाहिलं, कुणी काही बोललं नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं. हमीपत्र मोडलं याचं मला दुःख नव्हतं. सही होत असताना त्या खोलीत बसलेल्या आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की हे पाळलं जाणार नाही, आणि तरी ते टेबलावरचं पान आमच्यापैकी फक्त एकीशीच बोलत होतं. सरांना दोष द्यावा असं मला मुळीच वाटत नाही. ते घरोघर फिरतात, मुलं गळू नयेत म्हणून जिवाचा आटापिटा करतात. त्यांच्या हातात जे साधन होतं ते त्यांनी वापरलं. पण ते साधन असं एकाच बाजूचं का, हा प्रश्न मला सोडेना.

घरी आल्यावर भाच्याचं पुस्तक घेऊन मी ते पान पुन्हा वाचलं. आपल्या सगळ्यांच्या नजरेखालून गेलेलं ते पान आहे. वर ‘भारताचे संविधान’, त्याखाली ‘भाग ४ क’, मग नागरिकांची मूलभूत कर्तव्ये. राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीताचा आदर, देशाचं संरक्षण, बंधुभाव, नैसर्गिक पर्यावरण जपणं, वैज्ञानिक दृष्टी, सार्वजनिक मालमत्ता. जवळच उद्देशिका असते, प्रतिज्ञा असते. सगळं चांगलं आहे, एकही ओळ खोडावी अशी नाही. पण ‘४ क’ म्हटल्यावर त्याच्या आधी ‘४’ असणारच ना? तो भाग, म्हणजे राज्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं, या पानावर नाही. पुस्तकं उलटीपालटी करून पाहिली. नागरिकशास्त्रात तो एका धड्यात येतो, परीक्षेत दोन गुणांना येतो आणि संपतो. रोज पुस्तक उघडलं की लेकराच्या डोळ्यांसमोर येतं ते त्याचं आणि त्याच्या आईबापाचं कर्तव्य. सरकारने काय करायचं ठरलं होतं ते मात्र येत नाही.

ते ठरलं १९४८ च्या नोव्हेंबरात. दिल्लीत घटना परिषदेत या तत्त्वांवर चर्चा चालू होती, तेव्हा मराठवाडा निजामाच्या जोखडातून सुटून जेमतेम दोन महिने झाले होते. त्या सभागृहात हैदराबाद संस्थानाच्या वतीने कुणी बसलेलंही नव्हतं. आमच्या आजोबांच्या पिढीला तेव्हा रझाकारांच्या भीतीने रानात लपवलेलं धान्य परत घरी आणायचं होतं, संविधान कुणाच्या कानावर असणार? पण तिकडे जे लिहिलं जात होतं ते जणू याच मुलखाकडे बघून लिहिलं जात होतं. पोटापुरती मजुरी, बायामाणसांना कामाच्या माणुसकीच्या अटी, बाळंतपणात आधार, लेकरांना शिक्षण, पोषण, म्हातारपणी मदत. के. टी. शहांसारख्या सभासदाने तिथेच हरकत घेतली होती, की कोर्टात मागता येत नाहीत अशी ही तत्त्वं म्हणजे बँकेला जमेल तेव्हा वटवायचा चेक झाला. बाबासाहेबांचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. सत्ता कुणाच्याही हाती जावो, तिला मन मानेल तसं वागता येणार नाही, या सूचना तिला पाळाव्याच लागतील. त्या मोडल्या तर न्यायालयात जाब द्यावा लागणार नाही कदाचित, पण निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे नक्की द्यावा लागेल, असं त्यांनी ४ नोव्हेंबरला सांगितलं. आणि अनुच्छेद ३७ मध्ये तर शब्दच कर्तव्याचा आहे. कायदे करताना ही तत्त्वं लागू करणं हे राज्याचं कर्तव्य असेल. म्हणजे कर्तव्य हे आधी सरकारच्या नावावर पडलं. नागरिकांच्या नावावर ते त्यानंतर सत्तावीस वर्षांनी आलं, बेचाळिसाव्या दुरुस्तीने. ती दुरुस्ती आणीबाणीत झाली हे इथे आठवतंच.

ती मुलगी का गेली, हे खरं तर साऱ्या गावाला माहीत आहे.

नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर मिळते आणि हिशेबही त्याच कोयत्याचा. दोघांतलं एक जण घरी थांबलं की खाडा, म्हणजे कामाचा दिवस बुडाला, आणि खाड्याचे पैसे अंगावर. दीड वर्षाचं पोर घरी म्हाताऱ्या सासूवर टाकावं तर तिला डोळ्याने धड दिसत नाही. फडात न्यावं तर उसाच्या पाचटात साप निघतो, रिकामा ट्रॅक्टर मागे येताना ड्रायव्हरला खाली खेळणारं पोर दिसत नाही. मग पोराला सांभाळायला मोठी बहीण लागतेच. बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधायची, झोका द्यायचा, भूक लागली की पोर उचलून आईपर्यंत न्यायचं, आईने मोळी बाजूला टाकून पाजायचं. त्या मुलीचं पाचवीचं वर्ष तिथे संपतं. संविधानाच्या भाषेत सांगायचं तर सहा वर्षांखालच्या लेकरांची काळजी आणि शिक्षण राज्याने बघावं असं आजचा अनुच्छेद ४५ सांगतो. कोर्टात मागता येईल असा हक्क फक्त सहा ते चौदाच्या मुलांचा. म्हणजे भावाची सोय लागली नाही, म्हणून बहिणीचा कायद्याने दिलेला हक्क गेला, आणि कर्तव्य चुकल्याचा ठपका आला आईवर. फडाच्या कडेला एक पाळणाघर असतं, एक सेविका असती, तर हे हमीपत्र लिहून घ्यायची वेळच आली नसती.

अनुच्छेद ४५ ची मूळ गोष्ट तर आणखी जिव्हारी लागणारी आहे. त्या साऱ्या भागात मुदत घातलेलं ते एकच कलम होतं. संविधान लागू झाल्यापासून दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यायचा प्रयत्न राज्याने करावा. म्हणजे १९६० पर्यंत. ती मुदत गेली. मग २००२ मध्ये शहाऐंशीवी दुरुस्ती झाली, शिक्षण मूलभूत हक्कांत आलं, २००९ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून हे सगळं अमलात आलं. सरकारने आपली मुदत पन्नास वर्षांनी चुकवली, आणि ज्या दुरुस्तीने ते कबूल केलं त्याच दुरुस्तीने पालकांच्या माथी अकरावं कर्तव्य आलं. मला त्या कर्तव्याबद्दल तक्रार नाही. आईबापाने लेकरू शिकवावंच. पण ज्या बाईला तिच्या स्वतःच्या लहानपणी शाळा मिळाली नाही, तिच्यासमोर हे पान धरताना आधी आपण एकदा तिच्याकडे मान खाली घालून बघायला हवं, असं मला फार वाटतं.

ही तत्त्वं नुसती कागदावर राहतात असं म्हणणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही. कारण माझ्या आजीने त्यातलं एक डोक्यावर पाटी घेऊन खरं केलेलं आहे. बहात्तरचा दुष्काळ. आजी खडी फोडायला जायची. उन्हात बसून हातोडीने दगड फोडायचे, उडालेली कपची नडगीवर बसू नये म्हणून पायाला चिंध्या गुंडाळायच्या, संध्याकाळी ढिगाचं माप. कामावर सुकडी मिळायची. परदेशातून आलेली ती लाल मिलो ज्वारी, तिची भाकरी थापताना तुटायची आणि गिळताना घशात अडकायची, असं आजी सांगायची. सांगताना तिच्या आवाजात कडवटपणा नसायचा. ‘काम हुतं म्हणून जगलो,’ हे ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी त्याच वर्षांत राज्यभर उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. जो काम मागेल त्याला काम. अनुच्छेद ४१ मध्ये कामाचा हक्क ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ द्यावा असं लिहिलंय, आणि या मर्यादेचं कारण पुढे करून कितीतरी गोष्टी आजवर टाळल्या गेल्या. पण इथे दुष्काळाने मोडलेल्या राज्याने शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर घेतला आणि खेड्यातल्या मजुराला काम दिलं. पुढे २००५ मध्ये देशाने तसाच कायदा केला. आजीने ज्याच्या भिंतीवर माती टाकली तो पाझर तलाव आजही आमच्या शिवारात आहे. बऱ्या पावसाळ्यात होळीपर्यंत त्यात पाणी असतं, त्याच्या खालच्या विहिरींवर गहू-हरभरा निघतो. कोर्टात न मागता येणारं कलम असं पाणी धरून राहू शकतं, हे मी लहानपणापासून बघत आले आहे.

म्हणूनच बाकीच्या कलमांचं दुःख जास्त होतं. कामाच्या न्याय्य आणि माणुसकीच्या अटी आणि प्रसूतीसाठी साहाय्य हे अनुच्छेद ४२ मध्ये आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढे आमच्या बीड जिल्ह्याची पाहणी आली. ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. हा आकडा वर्तमानपत्रात वाचला तेव्हा मी त्यातल्या ओळखीच्या बायका मनातल्या मनात मोजायला लागले आणि मधेच थांबले. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, फडात आडोसा नाही, पाणी नाही, दुखणं अंगावर काढलं जातं, मग कुणीतरी पिशवी काढून टाकायला सांगतं, आणि ऑपरेशनसाठी पुन्हा मुकादमाकडूनच उचल. तिशीत पिशवी काढलेली बाई पुढच्या हंगामात तशीच मोळी उचलते. तिच्या शेजारच्या घरातली, दुकानात बसणारी बाई त्या वयात दुसऱ्या बाळंतपणाचे डोहाळे पुरवून घेत असते. तिला ते मिळावंच. प्रश्न उसातल्या बाईचा आहे.

आणि मग अनुच्छेद ३८ चा दुसरा भाग, जो १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने आला. माणसामाणसांतलीच नाही, तर वेगवेगळ्या भागांत राहणाऱ्या, वेगवेगळे व्यवसाय करणाऱ्या लोकसमूहांतली विषमताही राज्याने कमी करावी. मराठवाड्यात कुणालाही ही ओळ वाचून दाखवा, तो अनुशेष म्हणेल, म्हणजे मागे राहिलेल्या भागाच्या विकासाची तूट. दांडेकर समितीपासून आपण तो शब्द ऐकत आलोय. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ मिळालं, एप्रिल २०२० मध्ये त्याची मुदत संपली. पण मला वाटतं आपण अनुशेषाचं बोलताना सिंचनाचे, रस्त्यांचे आकडे बोलतो, आणि ट्रॉलीत बसून दुसऱ्या जिल्ह्यात जाणारी, कर्नाटकात उतरणारी माणसं त्या आकड्यांत धरत नाही. दिवाळीनंतर ज्या गावात निम्म्या घरांना कुलपं लागतात, त्या गावाचा अनुशेष कुणाला मोजता आला आहे?

इथे मला स्वतःला अडवावं लागतं. सगळं सरकारवर ढकलून मोकळं व्हावं इतकी आमची, गावकऱ्यांची, बाजू निर्मळ नाही. बंधुभाव वाढवण्याचं कर्तव्य ३ जानेवारी १९७७ पासून संविधानात आहे. त्यानंतर दीड वर्षाने, २७ जुलै १९७८ ला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या गावोगावी दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. ते दिल्लीने केलं नाही, मुंबईने केलं नाही. इथल्या माणसांनी शेजाऱ्याचं घर जाळलं. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मी त्या काळातल्या घरांत वाढले, जिथे मोठी माणसं या विषयावर आवाज खाली करून बोलत. कर्तव्यांची यादी वाचताना मला ती ओळ सगळ्यांत जड वाटते, कारण ती पाळायला पैसा लागत नव्हता, उचल लागत नव्हती, आर्थिक क्षमतेची मर्यादा आड येत नव्हती. पाळणारेही होते, आपल्या घरात माणसं लपवणारे, वाटेत आडवे उभे राहणारे. पण ते थोडे होते. म्हणून कर्तव्यांचं पान पुस्तकातून काढा असं मी कधीच म्हणणार नाही. त्याच्या समोरचं पान छापा, एवढंच म्हणते. लेकराने दोन्ही पानं एकदम वाचावीत.

बाबासाहेबांनी सांगितलेलं न्यायालय म्हणजे निवडणूक. २०२४ ची विधानसभा आठवून बघा. साखर कारखान्यांचा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू होणार होता, मतदान २० नोव्हेंबरला. ऊसतोड मजूर मतदानापासून राहून जातील म्हणून तेव्हा ओरड झाली. आमच्या गावातल्या टोळ्या त्याआधीच निघालेल्या. जवळच्या कारखान्यावर असलेल्यांना आणायला गाड्या गेल्या, लांबच्यांपर्यंत कोण जाणार? ज्यांच्या जिवावर भाग चारमधली निम्मी कलमं बेतलेली आहेत, त्यांनाच जाब विचारायच्या दिवशी हजर राहता येत नाही. ज्यांना गाडीतून आणलं त्यांनी तरी कुणाला काय विचारायचं, गाडी ज्याची त्याला? त्या दिवशी बोटाला शाई लावून मी केंद्राबाहेर आले तेव्हा रांगेत मला बहुतेक म्हातारी माणसं दिसत होती.

२६ जानेवारीची ग्रामसभाही तशीच. ग्रामपंचायती हेही मार्गदर्शक तत्त्वच, अनुच्छेद ४०, त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने खरं झालेलं. पण जानेवारीत ज्यांनी बोलायचं ते फडात असतात आणि त्यांच्याबद्दल बाकीचे बोलतात. म्हणून आम्ही काही जणींनी ठरवलं की विषय १५ ऑगस्टच्या सभेत घ्यायचा. तेव्हा सगळी घरं भरलेली असतात, सोयाबीनची खुरपणी उरकत आलेली असते. पाचवीतल्या मुलीची आई आली होती. मुलगी आता सहावीच्या पटावर आहे, वाचताना अडखळते. आईबाप उसाला गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांच्या हंगामी वसतिगृहाचा विषय निघाला तेव्हा कुणीतरी म्हणालं, पोरांना दोन वेळचं जेवण शाळेत मिळालं की झालं. तेव्हा ती बसल्या जागेवरूनच बोलली, ‘मोठीचं हुईल वो. धाकल्याचं काय? त्याला कोण बघंल ते आधी लिवा, मंग हिला ठिवते.’ बायकांच्या बाजूने एकदम आवाज उठला, तीन-चार जणी तेच बोलायला लागल्या.

ठराव झाला. पहिला ट्रॅक्टर गाव सोडेल त्या दिवसापासून वसतिगृहाचं जेवण सुरू व्हावं. तीन महिने उशिरा येणारं अनुदान चालणार नाही. गावात राहणाऱ्या सहा वर्षांखालच्या लेकरांना अंगणवाडीत संध्याकाळपर्यंत ठेवण्याची सोय व्हावी, त्यासाठी गावातल्याच एका बाईला मानधन मिळावं. आणि जी लहान लेकरं आईसोबत जातीलच, त्यांच्यासाठी कारखान्याच्या तळावर पाळणाघर चालवण्याबद्दल शासनाने कारखान्यांना लिहावं. ठरावाच्या सुरुवातीला मी अनुच्छेद ३८, ४२ आणि ४५ लिहायला सांगितले. ग्रामसेवकांनी पेन थांबवून विचारलं, ‘ताई, ठरावात कलमं लिहायची पद्धत नाही, कशाला?’ मी म्हटलं, सरांनी हमीपत्र घेताना पुस्तकातलं कलम वाचलं होतं, तसंच हेही आहे. सर तिथेच बसले होते. ‘लिहा,’ ते म्हणाले.

पंचायत समितीत ठराव देऊन पोच घेतली आहे. पोचेच्या झेरॉक्स काढून ज्यांची नावं ठरावाखाली आहेत त्या प्रत्येकीच्या घरी एकेक दिली. घटस्थापनेपर्यंत उत्तर आलं नाही तर बीडला जिल्हा परिषदेत जायचं, असं बायकांनीच ठरवलंय, आणि सकाळच्या पहिल्या एसटीने निघायचं म्हणजे दुपारी परत येऊन गुरांचं बघता येईल.